एसएसबीतलं सेल्फ डिस्क्रिप्शन कसं सुधारावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातला कृषी पदवीधर, सीडीएसची (पदवीधरांना सैन्यदलात अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा पास, त्यानंतरच्या एसएसबीत (अधिकारी निवड मंडळाच्या चाचण्यांत) एकदा कॉन्फरन्स आउट, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या मंडळाच्या बैठकीपर्यंत पोहोचून निवड नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणं. वडिलांची चार एकर कोरडवाहू शेती, धाकटी एक बहीण. विद्यापीठ पातळीपर्यंत कबड्डी, राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षं. मागच्या वेळी सेल्फ डिस्क्रिप्शनमध्ये (स्वतःचं वर्णन लिहायच्या चाचणीत), म्हणजे एसडीत, लिहिलेला पहिला परिच्छेद त्यांनी दिला आहे:

'माझ्या आईवडिलांच्या मते मी आज्ञाधारक, कष्टाळू, प्रामाणिक आणि जबाबदार मुलगा आहे. त्यांना माझा अभिमान वाटतो. मी अधिकारी व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. कधीकधी मी लवकर चिडतो असं त्यांना वाटतं.'

बाकीचे चार परिच्छेदही याच वळणाचे. सोबत स्वतःबद्दलचे काही प्रसंग कळवले आहेत: अतिवृष्टीत स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या पीकविम्याची धावपळ, बहिणीचा प्रवेश, शिबिरातलं जेवणाचं काम, कबड्डीच्या मैदानावर साथीदारांवर ओरडणं. यातून एसडी कसं सुधारावं?

उत्तर तुमच्या प्रश्नातच अर्धं आहे. कळवलेल्या प्रसंगांपैकी एकही तुम्ही एसडीत लिहिलेला नाही. जे लिहिलं त्यात खोटं काही नाही, पण त्यातून तुम्ही दिसत नाही. तोच परिच्छेद शेजारच्या चेस्ट नंबरच्या, म्हणजे शेजारच्या उमेदवाराच्या, कागदावर चिकटवला तर कुणाला फरक कळणार नाही. सायकॉलॉजिस्ट तुम्हाला प्रत्यक्ष भेटतो तो कॉन्फरन्सच्या दिवशी, तोवर त्याच्यापुढे फक्त तुमचे कागद असतात. 'जबाबदार' हा शब्द वाचून त्याला काहीही ठरवता येत नाही. तुम्ही काय केलंत ते वाचून जबाबदार आहात की नाही हे तो स्वतः ठरवतो, आणि ठरवण्याचं काम त्याच्याकडेच ठेवायचं असतं.

आधी हा कागद कुठे बसतो ते नीट समजून घ्या. मानसशास्त्रीय चाचण्यांच्या दिवशी टीएटीची, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायच्या चाचणीची, 12 चित्रं (शेवटचं कोरं), प्रत्येकी 30 सेकंद बघायला आणि 4 मिनिटं लिहायला. मग 60 शब्द, प्रत्येकावर एक वाक्य, प्रत्येकी 15 सेकंद. मग 60 प्रसंग, त्यात तुम्ही काय कराल ते लिहायचं, 30 मिनिटं. आणि सर्वांत शेवटी एसडी, 15 मिनिटं. जवळजवळ दोन तास हात चालल्यावर, बोटं आखडलेली असताना हा कागद पुढे येतो. डोकं थकलेलं असलं की माणूस तयार वाक्यांकडे वळतो. आज्ञाधारक, कष्टाळू, प्रामाणिक ही रांग तिथून येते. म्हणून एसडीची तयारी घरी करायची असते. एसएसबीतली ही एकच लेखी चाचणी अशी आहे की तिचे प्रश्न आधीपासून माहीत असतात: आईवडिलांचं तुमच्याबद्दलचं मत, शिक्षकांचं किंवा वरिष्ठांचं मत, मित्र-सहकाऱ्यांचं मत, तुमचं स्वतःचं मत, आणि पुढे कोणते गुण अंगी आणायचे आहेत.

तयारी म्हणजे क्लासमधला नमुना पाठ करणं नव्हे. तो नमुना त्याच तुकडीतल्या आणखी कितीतरी जणांनी पाठ केलेला असतो.

कामाची सुरुवात माणसांना विचारण्यापासून करा. 'मी कसा आहे?' असं विचारू नका. आपल्याकडे आईवडील याचं एकच उत्तर देतात: 'चांगला आहे पोरगा, तेवढा मोबाइल कमी कर.' त्यापेक्षा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून हे तीन प्रश्न विचारा. कोणतं काम तुम्ही माझ्यावर निर्धास्तपणे सोपवाल? कोणतं सोपवताना दोनदा विचार कराल? माझ्यावर शेवटचं चिडला होता ते कशावरून? पहिल्या प्रश्नातून खरी ताकद निघते, दुसऱ्यातून खरी उणीव, आणि तिसऱ्यातून प्रसंग. आई, वडील, बहीण, एक-दोन शिक्षक, तीन मित्र एवढ्यांना विचारलंत की आठवड्याभरात पुरेसा माल हाती येतो. मित्रांमध्ये एक असा निवडा की ज्याच्याशी तुमचं कधीतरी वाजलं आहे.

जे हाती येईल ते एका कागदावर तीन रकान्यांत मांडा: काय घडलं, कधी, आणि ते कुणी पाहिलं. गेल्या तीन-चार वर्षांतले पंधरा ते वीस प्रसंग हवेत. छोटे चालतात, छोटेच बरे. 'गावाचा कायापालट केला' यापेक्षा 'ग्रामपंचायतीत चार वेळा जाऊन बंद पथदिवा सुरू करून घेतला' हे वाचणाऱ्याला जास्त सांगतं. मग तिसरा रकाना बघून प्रसंग वाटा. जो वडिलांनी पाहिला तो पहिल्या परिच्छेदात, जो राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी पाहिला तो दुसऱ्यात. एक प्रसंग एकदाच. तिन्ही परिच्छेदांत 'कष्टाळू' आला तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की तुम्ही कुणालाच विचारलेलं नाही. घर, वर्ग आणि मैदान इथली माणसं तुमच्याकडे वेगवेगळ्या कोनांतून बघतात, तो वेगळेपणा कागदावर उतरला पाहिजे.

आता तुमचा पहिला परिच्छेद, तुम्हीच कळवलेल्या माहितीवरून:

'आईवडील बँकेची आणि सरकारी कागदांची कामं माझ्यावर सोडतात. सोयाबीन पाण्याखाली गेलं तेव्हा मी 72 तासांच्या आत पीकविम्याची नुकसानीची सूचना नोंदवली आणि शेजारच्या सहा शेतकऱ्यांचीही नोंदवून दिली, हे वडील अजून सांगतात. बहिणीच्या प्रवेशाचं त्यांनी माझ्याशी बोलून ठरवलं. मी बेत मनात ठेवतो, घरात वेळेवर सांगत नाही, ही आईची तक्रार आहे.'

'सहा' हा आकडा मी धरून चाललो आहे, तुमचा खरा आकडा घाला. तक्रारही आईने सांगितलेलीच हवी. परिच्छेदात तुमच्याबद्दल एकही विशेषण नाही हे बघा. तरी मुदतीचं भान आहे, स्वतःपलीकडे बघणं आहे, घराचा विश्वास आहे. सेनादलं ज्यांना अधिकाऱ्याचे गुण मानतात ते पंधरा आहेत: नियोजनाची क्षमता, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाचा वेग, निर्धार वगैरे. त्यांची नावं एसडीत लिहू नका. 'माझ्यात इनिशिएटिव्ह आणि इफेक्टिव्ह इंटेलिजन्स आहे' असं लिहिणारा उमेदवार यादी वाचून आलाय, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

'अभिमान वाटतो' आणि 'अधिकारी व्हावं अशी इच्छा आहे' ही दोन वाक्यं का काढली? त्यात आईवडिलांबद्दल माहिती आहे, तुमच्याबद्दल नाही. साठ शब्दांच्या परिच्छेदात पंधरा-वीस शब्द असे गेले तर उरलं काय?

उणिवेबद्दल जरा थांबून बोलू, कारण सर्वांत जास्त एसडी इथे बिघडतात. पहिला प्रकार खोट्या उणिवेचा: 'मी फार जास्त काम करतो', 'मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो'. हे उणिवेचं सोंग आहे आणि वाचणाऱ्याने ते असंख्य वेळा पाहिलेलं असतं. दुसरा प्रकार तुमचा. 'लवकर चिडतो' एवढं लिहून सोडून दिलं. ज्याच्या हाताखाली तीस-चाळीस जवान देण्याचा विचार चालू आहे तो लवकर चिडतो हे कळल्यावर वाचणाऱ्याच्या मनात लगेच तीन प्रश्न येतात: कशावर, कुणावर, आणि चिडल्यावर काय करतो? तुम्ही उत्तर दिलं नाही, तर त्याला ते तुमच्या बाकीच्या कागदांत शोधावं लागतं. शब्दांच्या चाचणीत दोन-तीन वाक्यं तापट निघाली, प्रसंगांच्या चाचणीत कुठे 'त्याला धडा शिकवला' असं लिहिलं गेलं, की उणीव होती त्याहून मोठी दिसायला लागते. तिसरा प्रकार उणीव लपवण्याचा. पाचही परिच्छेदांत एकही दोष नसलेला माणूस स्वतःला ओळखत नाही, असाच त्याचा अर्थ घेतला जातो.

योग्य उणीव म्हणजे खरी, नेमकी, आणि जिच्यावर तुमचं काम आधीच सुरू झालेलं आहे अशी. राग खरा असेल तर लपवू नका, जागेवर बसवा. तुम्ही कळवल्याप्रमाणे तुमचा राग घरी किंवा वर्गात निघत नाही, साथीदाराने चुकीच्या वेळी पकड केली की निघतो. मग तो मित्रांच्या परिच्छेदात जातो, आणि त्याच्यावर काय करताय ते पाचव्यात. पहिल्या परिच्छेदात मी आईची दुसरी तक्रार घातली ती त्यासाठीच. संपूर्ण एसडीत दोन, फार तर तीन उणिवा पुरेत. वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेल्या असाव्यात, आणि त्यातली किमान एक पाचव्या परिच्छेदात पुन्हा भेटावी.

शिक्षकांच्या परिच्छेदात बहुतेक जण 'हुशार विद्यार्थी' लिहितात आणि पीआयक्यूत (एसएसबीत भरायच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मवर) पदवीला 58 टक्के असतात. गुण मध्यम असतील तर मध्यम म्हणा आणि शिक्षकांना तुमच्यात दुसरं काय दिसलं ते लिहा:

'शिक्षक मला लेखीपेक्षा प्रात्यक्षिकात पुढे असलेला विद्यार्थी म्हणून ओळखतात. सात दिवसांच्या शिबिरात कार्यक्रम अधिकाऱ्यांनी 50 स्वयंसेवकांच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे दिली. तिसऱ्या रात्री गॅस संपला तेव्हा मी गावातल्या शाळेतून सिलिंडर उसना आणला आणि सकाळी परत केला. प्रकल्पाचा अहवाल मी शेवटच्या दिवशी देतो, हे त्यांना आवडत नाही.'

मित्रांच्या परिच्छेदासाठी एकच कसोटी: अडचणीत ते तुम्हाला कशासाठी फोन करतात आणि मजा करायला कशासाठी बोलावतात, दोन्ही आलं पाहिजे. गटात तुमच्यामुळे थोडी जान येते का हेही बघितलं जातं, आणि गंभीर दिसण्याच्या नादात उमेदवार ते लिहायचं विसरतात. मैदानावरचं ओरडणं इथेच घाला, एका वाक्यात.

स्वतःच्या मताच्या परिच्छेदात वरच्या तिघांची बेरीज करू नका. बाहेरच्याला न दिसणारं इथे येतं: तुम्ही निर्णय कसा घेता, अपयश आलं की पहिल्या दोन दिवसांत काय करता, कशात वेळ हरवतो. मागच्या वेळी कॉन्फरन्स आउट झालात, त्यानंतर काय बदललं हे एका वाक्यात इथे शोभतं. बोर्डाबद्दल किंवा नशिबाबद्दल अवाक्षर नको.

पाचवा परिच्छेद सर्वांत जास्त वाया जातो. प्रश्न असतो कोणते गुण वाढवायचे आहेत, आणि उत्तर येतं 'मला देशसेवा करायची आहे'. देशसेवेची इच्छा तिथे बसलेल्या प्रत्येकाला आहे, ती नसती तर तिथवर आलाच नसता. इथे हवं ते असं:

'साथीदाराची चूक शांतपणे दाखवता यावी असं मला वाटतं. गेल्या हंगामापासून मी सामना संपल्यावर त्या खेळाडूशी एकट्यात बोलतो. दोनदा तरीही मैदानात आवाज चढला. काम वाटून देणंही शिकतो आहे. शिबिरात खरेदी आणि हिशोब दोन्ही मीच धरून बसलो होतो, गावच्या कबड्डी स्पर्धेत खरेदी दुसऱ्याकडे दिली. घरच्यांना बेत आधी सांगायला सुरुवात केली आहे.'

'दोनदा तरीही आवाज चढला' हे वाक्य काढायचा मोह होईल. काढू नका. सुधारणा चालू आहे हे त्या वाक्यामुळे खरं वाटतं. मात्र हे सगळं आजपासून प्रत्यक्षात सुरू करा. हातात तीन महिने आहेत, तेवढ्यात एक सवय खरोखर बदलता येते. न केलेलं लिहिलंत तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पाय घसरतो.

ते कसं, ते पाहा. सायकॉलॉजिस्ट, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ (मैदानावरच्या गट-चाचण्या घेणारा अधिकारी) तुम्हाला वेगवेगळे तपासतात आणि कॉन्फरन्सला एकत्र बसतात. एसएसबीत याला मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात: मनात काय आहे ते लेखी चाचण्यांतून, बोलण्यात काय आहे ते मुलाखतीतून, करणीत काय आहे ते मैदानावरून. तिन्हींमध्ये एकच माणूस दिसला पाहिजे. एसडीत 'कामं वाटून देतो' लिहिलं आणि कमांड टास्कमध्ये (मदतनीस घेऊन अडथळा पार करायच्या मैदानी कामात) मदतनीसांना उभं ठेवून फळी स्वतःच ओढत बसलात, तर विश्वास करणीवर ठेवला जातो.

म्हणून एसडीचा मसुदा पीआयक्यू शेजारी ठेवून तपासा. पीआयक्यूचा कोरा नमुना मिळवा आणि घरी दोनदा भरा. स्क्रीनिंगनंतर, म्हणजे सुरुवातीच्या चाळणीनंतर, तो घाईत भरावा लागतो आणि मुलाखतीचा बराचसा भाग त्यावरूनच निघतो. नेहमी चुकणाऱ्या जागा सांगतो. सर्वाधिक काळ वास्तव्य या रकान्यात मुलं शिक्षणासाठी राहिलेलं शहर लिहितात. तुम्ही सोळा-सतरा वर्षं गावात वाढलात तर गाव लिहा, आणि गावाची लोकसंख्या, पाण्याचा स्रोत, मुख्य पीक माहीत असू द्या. वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहिलात तर चार एकरांत एकरी उतारा किती, खर्च किती, हातात काय राहतं याची उत्तरं तयार हवीत, कृषी पदवीधराला तर नक्कीच विचारलं जाईल. उत्पन्नाचा आकडा अंदाजे चालतो, पण प्रत्येक फॉर्मवर वेगळा चालत नाही. टक्केवारी गुणपत्रिकेवरून उतरवा. छंदात 'वाचन' लिहिलंत आणि एसडीत कुणाच्याच तोंडी पुस्तकाचं नाव नाही, तर शेवटची तीन पुस्तकं कोणती या प्रश्नाची तयारी ठेवा किंवा 'वाचन' काढून टाका. जबाबदारीच्या पदांत शिबिराचं काम लिहायला विसरू नका, एसडीतला प्रसंग तिथे आधार शोधतो. आधीच्या एसएसबीची माहिती पूर्ण लिहा: बॅच, चेस्ट नंबर, निकाल. ती लपवण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

एसडीतल्या प्रत्येक प्रसंगावर स्वतःला तीन उपप्रश्न विचारा. पीकविमा: सूचना कशी नोंदवली, ते सहा जण कोण, पैसे किती आले? उत्तर अडखळलं तर प्रसंग बदला. आकडा फुगवला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

भाषेबद्दल. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. विचार मराठीत करा, पण मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून फिरवू नका. आपल्या मुलांच्या इंग्रजीत दोन खोडी हमखास दिसतात. एक म्हणजे 'माय मदर इज ऑलवेज टेलिंग' अशी चालू काळाची वाक्यं. साधा वर्तमानकाळ पुरतो. दुसरी म्हणजे निबंधातून आणलेले भारी शब्द. दहा-बारा शब्दांचं, कोण-काय-केलं असं सरळ वाक्य लिहा. स्पेलिंग अडलं तर शब्द बदला. तुमचं इंग्रजी मुलाखतीत जसं ऐकू येणार आहे तसंच कागदावर असू द्या, त्याहून चकचकीत नको.

वेळेचा हिशोब आधीच ठरवा. 15 मिनिटांत पाच परिच्छेद म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं, पण अडीच मिनिटांचाच सराव करा, शेवटी दोन-अडीच मिनिटं हातात राहतील. तुमचा लिहिण्याचा वेग मोजा. मिनिटाला 20 शब्द होत असतील तर परिच्छेद 50 शब्दांचा ठरला, 24 होत असतील तर 60 चा. वर दिलेले मसुदे इंग्रजीत उतरवताना लांबतील, तेव्हा आपल्या वेगाप्रमाणे एखादं वाक्य उडवा. पहिल्या दोन परिच्छेदांत सहा-सहा मिनिटं घालवून पाचवा एका ओळीत उरकणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, आणि सुधारणेचा सगळा मुद्दा तर पाचव्यातच असतो. सराव ताज्या हाताने करू नका. आधी पाच-सहा टीएटीच्या गोष्टी आणि 60 प्रसंग घड्याळ लावून लिहा, मग लगेच एसडी. आठवड्यातून दोनदा पुरे. प्रत्येक वेळी प्रसंग तेच ठेवा, वाक्यं मात्र नव्याने होऊ द्या. वाक्यं पाठ केली की सूचनेतला एखादा शब्द बदलला तरी गाडी अडते. शिक्षकांऐवजी वरिष्ठ म्हटलं, मित्रांऐवजी सहकारी म्हटलं, की पाठांतर हातात राहत नाही.

तुमच्यासोबत एनडीएची तयारी करणारे बारावीतले मित्र असतील तर त्यांच्यासाठी एवढंच वेगळं: प्रसंग शाळा, घर, गल्लीतल्या मंडळाचे चालतात, वयाला शोभतील असेच हवेत. नोकरी करणाऱ्याने दुसऱ्या परिच्छेदात शिक्षकांऐवजी साहेबांचं मत लिहावं, आणि ते शेवटच्या कामाच्या ठिकाणचं असावं. आई किंवा वडील हयात नसतील तर ज्यांनी वाढवलं त्यांचं मत लिहावं, स्पष्टीकरण न देता.

मसुदा झाला की नावं खोडून तो बहिणीला वाचायला द्या आणि हा कुणी लिहिलाय ते ओळखायला सांगा. तिने तिसऱ्या वाक्याला तुमचं नाव घेतलं तर पुढच्या आठवड्यापासून घड्याळ लावा.